लागलं की थांबावं

ऑफिस सुटल्यानंतरची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ मी गॅलरीत, लाकडासोबत घालवते. पुण्यातल्या फ्लॅटची गॅलरी ती केवढी असणार! एक बाक, भिंतीला टांगलेली हत्यारं, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या चार फळ्या आणि भुसा झाडायला केरसुणी. एवढ्यात पाट झाले, चौरंग झाला, पुस्तकांची मांडणी झाली, शेजारच्या आजींना पाय टेकायला स्टूल झालं. हे सगळं करताना हातांना जे खुपलं, चेंगरलं, कापलं, भाजलं ते किरकोळ होतं. अशा जखमांबद्दल कुणी फारसं बोलत नाही. पट्टी लावायची आणि विसरून जायचं. मला मात्र त्या विसराव्याशा वाटत नाहीत. लाकडाबद्दल, हातांबद्दल आणि हातांवर पोट असलेल्या माणसांबद्दल मला जे कळलं, त्यातलं बरंचसं त्यांच्याच वाटेने आलं. तुम्ही लाकूडकाम करत नसाल, पण विळी, सुई, खुरपं, पाना असं काही ना काही तुमच्याही हातात असेलच.

१. धारदार हत्याराने कमी लागतं, बोथट हत्याराने जास्त. ऐकायला हे उलटं वाटतं आणि मलाही ते पटायला वेळ लागला. आमच्याकडे कपाटांच्या कामाला आलेल्या मिस्त्रींनी एकदा माझी पटाशी उचलली, स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवली आणि म्हणाले, "ताई, ही घसरतेय. नखावर रुतली पाहिजे. घसरते तीच हाताला लागते." कारण सरळ आहे. धार गेलेली पटाशी लाकडात शिरत नाही, म्हणून आपण मागून जोर वाढवतो. मग एखादी शीर अचानक सुटते आणि तो सगळा जोर समोर जे असेल त्याच्यावर येतो. समोर बहुतेक वेळा दुसरा हात असतो. धार असलेल्या पटाशीला जोर लागत नाही, म्हणून ती थांबवाल तिथे थांबते. आणि तिने कापलंच, तर कातडीच्या कडा सरळ राहतात, लवकर जुळून येतात. बोथट पात्याची जखम चिंधडते, चिघळते आणि वण ठेवून जाते. धार लावायला बसलं की कामाचा वेळ वाया जातो असं पूर्वी वाटायचं. आता ओल्या दगडावर पातं पंचवीस-तीस अंशांत धरून मागेपुढे फिरवणं, पाठीमागे आलेली बारीक कोर बोटाला जाणवणं आणि मग ती काढून टाकणं, हाच माझ्या कामाचा पहिला भाग झाला आहे. त्या दहा मिनिटांत मनही जागेवर येतं.

२. लाकडाची कूस बोटात ज्या वाटेने शिरते, त्याच वाटेने तिला बाहेर काढावं लागतं. सागाची कूस लांब आणि सरळ असते, धीराने ओढली तर अख्खी येते. प्लायवुडच्या कडेची आखूड आणि ठिसूळ, ती मोडते आणि अर्धी आतच राहते. मी खिडकीशी जाऊन तिरप्या उजेडात बोट धरते, म्हणजे कातडीखालची गडद रेघ दिसते. ती रेघ कुठून कुठे गेली आहे हे नीट पाहिल्याशिवाय चिमटा उचलायचा नाही. स्पिरिटने पुसलेल्या सुईने वरचा पापुद्रा थोडा उचलायचा, कुसेचं टोक मोकळं करायचं आणि शिरली त्याच कोनात मागे ओढायची. दाबून काढायला गेलं की ती आत तुटते. बोट पाण्यात भिजत ठेवलं की लाकूड फुगतं, मऊ होतं आणि चुरा होऊन आत राहतं. काच किंवा धातूचा कण एक्स-रेमध्ये सहसा दिसतो, लाकूड मात्र बऱ्याचदा दिसतच नाही. डॉक्टर त्यासाठी सोनोग्राफी करतात. खोल गेलेली, नखाखालची किंवा सांध्याजवळची कूस म्हणूनच घरी कोरत बसू नये. मला नवल वाटतं ते तिच्या आकाराचं. केसाएवढं लाकूड, पण ते निघेपर्यंत रंधा हातात धरवत नाही, पोळी लाटवत नाही, कीबोर्डवर बोट टेकवत नाही. शरीराला आत आलेलं परकं काहीही चालत नाही. ते बाहेर जाईपर्यंत तिथलं ठणकणं थांबत नाही आणि आपल्यालाही थांबावं लागतं.

३. जिथे सगळ्यात जास्त दुखतं, तिथेच कारागिरी राहते. पायाच्या नडगीला फळी आपटली तर कळवळतो आणि थोड्या वेळाने विसरतो. बोटाच्या टोकाला पॉलिश पेपरने नुसतं खरचटलं तरी दिवसभर आठवण राहते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ साली स्पर्शावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कंपासची दोन टोकं अंगावर वेगवेगळ्या जागी टेकवून, ती दोन आहेत हे कुठे किती अंतरावर कळतं, ते त्यांनी तपासलं होतं. बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरचं अंतरही कळतं. पाठीवर मात्र ते साधारण चार सेंटिमीटर असावं लागतं. मॉन्ट्रियलमधले मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांनी पुढे मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा नकाशा मांडला, त्यातही हाताने आणि ओठांनी अंगाच्या मानाने खूप मोठी जागा व्यापलेली दिसते. हे वाचलं तेव्हा माझ्या दुखऱ्या बोटाकडे मी वेगळ्या नजरेने पाहिलं. रंधा मारून झाल्यावर फळी सपाट झाली की नाही हे डोळ्यांना कळत नाही. डोळे मिटून बोटं फिरवली की कागदाएवढा उंचवटाही सापडतो. बोटाला पट्टी असली की मी शेवटचा हात फिरवायचं काम पुढे ढकलते. पट्टीखाली गेल्यावरच कळलं की इतके दिवस निम्मं काम ते बोटच करत होतं.

४. नखाखाली साकळलेलं रक्त सावकाश सांगतं, पण सगळं सांगतं. हातोडीचा घाव खिळ्याऐवजी अंगठ्यावर बसला की पहिल्यांदा पांढरं होतं, मग लाल, मग काळंनिळं. ठणका असा की नाडी अंगठ्यातच येऊन बसली आहे असं वाटतं. आत जमलेल्या रक्ताला जायला जागा नसते, वर कडक नख आणि खाली हाड, म्हणून तो दाब. डॉक्टरांनी नखाला बारीकसं भोक पाडून रक्ताला वाट करून दिली आणि ठणका तिथल्या तिथे उतरला. पण डाग राहिला. हाताचं नख महिन्याला सरासरी तीन मिलिमीटर वाढतं, पूर्ण नवं यायला साधारण सहा महिने लागतात. त्या वर्षी माझं नखच कॅलेंडर झालं होतं. गणपतीत डाग मुळाशी, दिवाळीत मध्यावर, संक्रांतीला तिळगूळ देताना टोकाशी. तेवढ्या काळात मी हातोडी धरायला नव्याने शिकले. दांडा डोक्याजवळ आवळून न धरता टोकाकडे धरायचा, म्हणजे हातोडीचं वजनच काम करतं. सागासारख्या लाकडात आधी गिरमिटाने बारीक भोक पाडायचं, म्हणजे फळीही चिरत नाही आणि खिळा उभा राहायला बोटांचा आधार लागत नाही. छोटा खिळा पुठ्ठ्याच्या खाचेत धरायचा. या सगळ्या गोष्टी कुणी आधी सांगितल्या नव्हत्या असं नाही. नख वाढायला लागतो तेवढाच वेळ त्या मुरायलाही लागला.

५. लागतं ते जवळजवळ नेहमी डाव्या हाताला. उजव्या हातात हत्यार असतं, त्याच्याकडे सगळं लक्ष असतं. डावा हात गुपचूप लाकूड धरून बसलेला असतो आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. राजापूरकडच्या माझ्या आजोळी पडवीत बसून सुतार काम करायचे तेव्हा मी शेजारी बसून पाहत असे. ते जमिनीवर बसायचे, फळी पायांच्या बोटांत आणि टाचेखाली दाबून धरायचे आणि दोन्ही हात हत्यारावर ठेवायचे. बाक नाही, क्लॅम्प नाही, तो सगळा भार पायांवर. त्यांच्या पावलांवर आडव्या पांढऱ्या रेघा होत्या. त्या रेघांचा अर्थ मला गॅलरीत बाक मांडल्यानंतर लागला. लाकूड धरायचं काम कुणाला तरी करावंच लागतं. ते हाताने केलं तर हाताला लागतं, पायाने केलं तर पायाला. म्हणून बोहरी आळीत हत्यारं बघायला गेले की आता माझे पैसे आधी क्लॅम्पवर जातात. फळी बाकाला घट्ट आवळली की डावा हात मोकळा होतो, उजव्याच्या मागे येतो आणि पटाशीच्या दांड्यावर बसतो. दोन्ही हात धारेच्या मागे असले की धारेपुढे येण्यासारखं काही उरतच नाही. हातांची जागा काम सुरू होण्याआधी ठरवावी लागते. पटाशी सुटली की ठरवायला वेळ मिळत नाही.

६. धनुर्वात गंजात नसतो, तो धुळीत आणि मातीत असतो. गंजका खिळा लागला की इंजेक्शन घ्यायचं, एवढंच लहानपणापासून ऐकलेलं. चकचकीत पटाशीने कापलं की मग कुणी काळजी करत नाही. प्रत्यक्षात या जंतूंचे बीजाणू मातीत, धुळीत, शेणात असतात आणि जिथे हवा पोचत नाही अशा खोल, अरुंद जखमेत त्यांचं फावतं. किटासातो शिबासाबुरो या जपानी संशोधकाने १८८९ साली बर्लिनमध्ये, प्राणवायू वगळून, हा जंतू पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वाढवून दाखवला. पुढच्याच वर्षी त्याने आणि एमिल फॉन बेरिंग यांनी रक्तातून मिळणाऱ्या प्रतिविषाचा शोध जाहीर केला. मोठ्या माणसांनी ही लस दर दहा वर्षांनी घ्यायची असते. जखम खोल किंवा मळकट असेल आणि आधीच्या लशीला पाच वर्षं उलटून गेली असतील, तर डॉक्टर पुन्हा देतात. माझ्या शेवटच्या लशीची तारीख आता हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली आहे. आमच्या सासूबाईंचा हात अजूनही आधी हळदीच्या डब्याकडे जातो. त्यांनी आयुष्यभर घरातल्या सगळ्यांच्या जखमांवर मायेने हळद दाबली आहे. पण डॉक्टरांना ती जखमेतून धुऊन काढावी लागते, हे त्यांनी एकदा दवाखान्यात स्वतः पाहिलं. आता त्या नळ सोडतात, साबण पुढे करतात, स्वच्छ फडकं देतात आणि घड्याळाकडे बघत बसतात. फडकं दहा मिनिटं दाबून धरायचं, मध्ये उचलून पाहायचं नाही. ती दहा मिनिटं आम्ही दोघी गप्पा मारतो.

७. फिरणाऱ्या यंत्राजवळ अंगावर सैल असं काहीही नको. साधा घरगुती ड्रिल मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला चाळीस ते पन्नास. काहीतरी अडकलं आहे हे कळून बोट बटणावरून सुटायला पाव सेकंद जरी लागला, तरी तेवढ्यात त्याचे दहा-बारा फेरे झालेले असतात. ओढणीचं टोक, वेणी, कुर्त्याची सैल बाही, मंगळसूत्र यांतलं काहीही त्याला गुंडाळायला पुरतं. हातमोजे घातले की हात सुरक्षित, ही समजूत इथे घातक ठरते. मोज्याचा धागा गुंतला की मोज्याबरोबर हातही ओढला जातो. फळी उचलताना, कचरा भरताना मोजे हवेत. ड्रिल आणि फिरती करवत चालवताना हात उघडेच हवेत. अंगठीही उतरवलेली बरी, कारण ती अडकली तर बोटाची कातडी सोलून निघू शकते. माझ्या ओढणीचं टोक एकदा ड्रिलला शिवून गेलं. गळ्याला एक लाल वळ उठला, तेवढ्यावर निभावलं. तेव्हापासून गॅलरीच्या दारात एक स्टीलची वाटी असते. बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र त्यात ठेवूनच पुढे जायचं. सुरुवातीला मंगळसूत्र काढण्यावरून घरात थोडी कुजबुज झाली. आता मशीनची वायर हातात घेतलेली दिसली की सासूबाईच वाटी पुढे करतात. आणखी एक, भोक पाडून झाल्यावर ड्रिलचं टोक चांगलंच तापलेलं असतं. त्याला लगेच हात लावला की बोटावर फोड येतो. यंत्र थांबलं तरी त्यातली ऊब लगेच थांबत नाही.

८. काही जखमांतून रक्त येत नाही, म्हणून त्या मोजल्याच जात नाहीत. शिसवीचं एक छोटं खोकं घासल्यावर माझ्या मनगटांवर आणि गळ्यावर लाल पुरळ उठलं. आठवडाभर खाज. शिसवीत आणि सागात क्विनोन गटातले काही पदार्थ नैसर्गिकरीत्या असतात आणि ते काहींच्या कातडीला सोसत नाहीत. कातडीवरचं दिसतं तरी. श्वासातून जे जातं ते दिसत नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, लाकडाच्या धुळीला १९९५ सालच्या आपल्या ग्रंथात माणसाला निश्चितपणे कर्करोग होऊ शकतो अशा पहिल्या गटात घातलं. त्यामागे नाकाच्या पोकळीच्या कर्करोगाचे, फर्निचर कामगारांमध्ये दिसलेले पुरावे होते. एमडीएफची धूळ मैद्यासारखी बारीक आणि तिच्यात यूरिया-फॉर्माल्डिहाइडचा डिंक. तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही, एन-९५ मास्क लागतो. आणि केर कोरड्या केरसुणीने काढला तर खाली बसलेली धूळ पुन्हा हवेत जाते, म्हणून मी आधी पाण्याचा हबका मारते. कानांचंही तेच. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने, नायॉशने, आठ तासांसाठी ८५ डेसिबलची मर्यादा सुचवली आहे आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. त्या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात, आणि फिरती करवत त्या आवाजापर्यंत सहज जाते. रात्री अंथरुणावर पडल्यावर कानात कुई वाजत राहिली, तर ती आवाजाने केलेली दुखापतच. ती दुखत नाही आणि तिला पट्टीही बांधता येत नाही.

९. माझ्या बहुतेक जखमा काम संपत आलेलं असताना होतात. सुरुवातीला आपण लाकडाकडे पाहत असतो. शेवटी शेवटी वस्तूकडे पाहायला लागतो. स्टूल जवळजवळ उभं राहिलेलं असतं, शेवटचा एक स्क्रू, एका कडेचा थोडासा उंचवटा. "एवढं एकच राहिलंय," असं आपण म्हणतो आणि हाच तो क्षण. मन वस्तू पूर्ण करून शेजारच्या आजींच्या खोलीत जाऊन पोचलेलं असतं, हात मात्र अजून धारेजवळ असतात. त्यात संध्याकाळ झालेली असते, उजेड उतरलेला असतो, खांदे भरून आलेले असतात, यंत्राचा आवाज शेजाऱ्यांच्या मालिकांच्या वेळेआधी बंद करायचा असतो. एका फळीसाठी क्लॅम्प पुन्हा कशाला आवळायचा असं तेव्हाच वाटतं. मी माझ्या बोटांवरच्या वणांकडे पाहते तेव्हा प्रत्येकाची वेळ आठवते आणि ती दिवेलागणीचीच असते. म्हणून "एवढं एकच" हे शब्द तोंडातून निघाले की मी हत्यार खाली ठेवते. उरलेलं काम सकाळी उजेडात करते. तेच काम सकाळी निम्म्या वेळात होतं आणि कडाही साफ येतात. थांबण्याने वस्तूचं कधीच काही बिघडलेलं नाही, हा माझा पक्का अनुभव आहे.

१०. मुलाच्या हातात हत्यार देताना आपलीच परीक्षा असते. बहिणीची मुलगी सुट्टीत आमच्याकडे येते आणि तिला बाहुलीसाठी पलंग करायचा असतो. छोट्या चाकूने कडा तासताना तिच्या बोटाला कापलं. चीर लहानशीच, पण रक्त पाहून आम्ही मोठे सगळे धावलो. पट्टी बांधून होताच ती म्हणाली, "मावशी, मग मी हात कुठे ठेवायचा होता?" तिने रडण्याआधी हा प्रश्न विचारला, आणि मला वाटलं, आता चाकू काढून घेतला तर हा प्रश्नच वाया जाईल. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या आग्रहाने १८६६ सालीच शाळेत हस्तकला आली. स्वीडनमध्ये नेस इथे ऑटो सालोमोन यांनी शिक्षकांना लाकूडकाम शिकवायला घेतलं तेव्हा विद्यार्थ्याच्या हातातलं पहिलं हत्यार चाकूच असे. आपल्याकडे १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नवी तालीम पुढे आली, तिच्यात सूतकताई आणि शेतीबरोबर सुतारकामही होतं. हात वापरल्याने बुद्धी वाढते यावर या सगळ्यांचा विश्वास होता आणि हात वापरायचे तर थोडं खरचटणार, हे त्यांनी गृहीत धरलेलं होतं. आम्ही दोघींनी मग तिच्या फळीला क्लॅम्प लावला, तिचा डावा हात चाकूच्या मागे आणला आणि पलंग पूर्ण केला. यंत्रं तिच्या हाती द्यायला अजून अवकाश आहे. चाकू, पॉलिश पेपर, छोटी करवत यांची भीती मी तिला घालणार नाही. भीतीने हात थरथरतो आणि थरथरणाऱ्या हातालाच लागतं.

११. मला थांबता येतं, हीच माझी सगळ्यात मोठी सुरक्षितता आहे. मास्क, चष्मा, क्लॅम्प या सगळ्यांच्या वर. हे मला कळलं ते आमच्या मिस्त्रींच्या हातांकडे पाहून. राजस्थानातून आलेले, पुण्यात मुरलेले, मराठी आमच्याइतक्याच सफाईने बोलणारे. त्यांच्या डाव्या तर्जनीचं नख मधोमध दुभंगूनच वाढतं. नखाच्या मुळाशीच मार बसला की ते पुढेही तसंच येत राहतं. माझा डाग संक्रांतीपर्यंत गेला, त्यांचा कधीच जाणार नाही. आमच्याच घरी दार बसवताना त्यांच्या तळव्याला करवत लागली. मी नळाकडे धावले, तोवर त्यांनी जखमेवर इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळून हातोडी उचललीही होती. "आज दार बसलं नाही तर उद्याचं घर हातचं जाईल, ताई." इतकंच बोलले. ज्या धारा, जी धूळ, जो आवाज मी फावल्या वेळात हौसेने घेते, तेच सगळं ते रोज सकाळपासून रात्रीपर्यंत घेतात. माझी संध्याकाळ लागल्यावर संपते. त्यांची संपत नाही. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, महाराष्ट्रात त्याखाली कल्याणकारी मंडळ आलं आणि सुतारांनाही तिथे नोंदणी करता येते. अठरा ते साठ वय आणि गेल्या वर्षभरात किमान नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज या घरी, उद्या त्या घरी काम करणाऱ्या माणसाला असा दाखला जमवणं किती कठीण जातं, हे त्यांच्यासोबत अर्ज भरायला बसल्यावर कळलं. तो आम्ही भरला, मागे लागून भरला. बाकी माझ्या हातात जेवढं आहे तेवढं मी करते. घरात काम काढलं की त्यांना चांगला दिवा, लाकूड आवळायला माझा बाक आणि क्लॅम्प, धूळ धरणारे मास्क आणि नळाजवळ पट्ट्यांचा डबा. संध्याकाळी उजेड गेल्यावर "एवढं एकच करून जा" असं मी म्हणत नाही. आणि कामाचे पैसे ठरवतानाच मी सांगून ठेवते की हाताला लागलं तर काम तिथेच थांबवायचं, त्या दिवसाची रोजी पूर्ण मिळेल. पहिल्यांदा त्यांना ते खरं वाटलं नाही. दुसऱ्या कामाच्या वेळी दार बसवताना बोटाला चीर गेली तेव्हा ते स्वतः उठले, नळाखाली हात धरला, पट्टी बांधून घेतली आणि दुपारीच घरी गेले. दार दुसऱ्या दिवशी बसलं.